डावीकडे चालत जाणारा गोलकीपर

‘‘काका, आपला गोलकीपर बॉल हातात घेऊन डावीकडे चालत सुटतो. कोणी काही दाबत नाही, तरी. आणि एकच नाही, सगळ्या टीव्हींवर.’’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला रूपेश भोईरचा फोन आला, तेव्हा मी आदल्या दिवशीच्या श्रीखंडाबरोबर पोळी खात होतो. मी त्याला म्हटलं, ‘‘कशालाही हात लावू नकोस. येतो.’’

‘‘काका, परवा टूर्नामेंट आहे.’’

‘‘म्हणूनच म्हणतोय, हात लावू नकोस.’’

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये होतो. टेम्परेचर, प्रेशर, टाकीतली लेव्हल दाखवणारी यंत्रं खरं दाखवतायत की थापा मारतायत, हे बघायचं आमचं काम. रिटायर झाल्यावर दोन महिने झोप काढली आणि तिसऱ्या महिन्यात घरातला चांगला चालणारा मिक्सर उघडून ठेवला. बायकोने हात जोडले. तेवढ्यात भाच्याने त्याचा गेमचा कंट्रोलर आणून दिला. तो दुरुस्त झाला. त्याने मित्रांना सांगितलं, मित्रांनी आणखी कुणाला. आता अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुणाचा कंट्रोलर बिघडला की ‘सावंत काकांना फोन लाव’ म्हणतात.

कंट्रोलर म्हणजे टीव्हीवरचा गेम खेळताना दोन्ही हातांत धरायचा बटणांचा ठोकळा. त्यावर अंगठ्याखाली येतील अशा दोन बुटक्या दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. फुटबॉलच्या गेममध्ये डाव्या स्टिकने खेळाडू पळवायचा, उजवीने त्याच्याकडून नखरे करून घ्यायचे. बाकी बटणं पास, शॉट आणि समोरच्याचे पाय ओढण्यासाठी. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

हा फुटबॉलचा गेम वर्षानुवर्षं चालू आहे आणि दरवर्षी पावसाळा सरता सरता त्याची नवी एडिशन येते. मैदान तेच, बॉल तोच. पण नवी आली की जुनीला कुणी विचारत नाही. ‘‘अरे, गेल्या वर्षीचीच खेळा की,’’ असं मी एकदा रूपेशला म्हटलं होतं, तर त्याने मी त्याला शिळी मच्छी वाढल्यासारखं तोंड केलं. त्याचं म्हणणं, दरवर्षी पासचा वेग बदलतो, गोलकीपर शहाणा होतो, खेळाडू वेगळ्या तऱ्हेने वळतात. मला ते पटलं नव्हतं. पुढे दुरुस्त केलेला कंट्रोलर टेस्ट करायला म्हणून मी स्वतः खेळायला लागलो आणि पटलं. आता मीही नव्या एडिशनची वाट बघतो, फक्त घरात कबूल करत नाही.

रूपेशचं गेमिंग सेंटर बदलापूरच्या सोनिवलीत आहे. गावातल्या भोईरांच्या जागेवर टॉवर उभा राहिला, त्यात त्याच्या वाट्याला तळमजल्यावरचा एक गाळा आला. आई म्हणाली, हार्डवेअरचं दुकान टाक. आजूबाजूला इतक्या बिल्डिंगा होतायत, खिळे-कड्या-नळांना मरण नाही. याने टाकले चार मोठे टीव्ही, चार कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमचे डबे, आणि आठ कंट्रोलर. त्यावरून मायलेकांत दोन वर्षं धुसफुस चालू होती. गाळा घरापासून शंभर पावलांवर, पण आईने आत पाऊल टाकलं नव्हतं. गावात कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर म्हणायची, ‘‘हाय काय तरी टीवीचा.’’

रविवारची टूर्नामेंट ही त्याची पहिली मोठी उडी होती. बत्तीस खेळाडू, नवीकोरी एडिशन. बदलापुरातले होतेच, अंबरनाथचे होते, उल्हासनगरच्या कॅम्प एक या वस्तीतून आठ जणांचा अख्खा ग्रुप यायचा होता. ते लोक त्यांच्याकडच्या सेंटरमध्ये मुरलेले. इथे काही गडबड झाली असती तर कॅम्प एकपासून कॅम्प पाचपर्यंत बोभाटा व्हायला एक दिवसही लागला नसता. रूपेशचं सेंटर मग शेजारच्या पोरांपुरतंच राहिलं असतं, आणि आईचं म्हणणं खरं ठरलं असतं. हे दुसरं त्याला जास्त लागलं असतं.

मी स्कूटरवरून पोचलो तर दाराला झेंडूचं तोरण, कन्सोलवर आपट्याची पानं. आत रूपेश डोक्याला हात लावून बसलेला. त्याच्या शेजारी तन्वी मॅडम. या बदलापूरच्या एका शाळेत पीटी शिकवतात आणि रूपेशच्या सेंटरमध्ये त्यांना हरवणारा अजून जन्माला यायचाय. सुट्टी असली की सकाळीच प्रॅक्टिसला येतात.

‘‘काका, ही एडिशनच बेकार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी शाळेत पोरांना सांगते, आधी बघा, मग धावा. इथे प्लेअर मला न विचारताच धावतोय.’’

‘‘नवी कधी टाकली?’’

‘‘कालच काका,’’ रूपेश म्हणाला. ‘‘येऊन आठ-दहा दिवस झाले, पण म्हटलं दसऱ्याच्या मुहूर्तावर टाकू. परवापर्यंत जुनीवर एकदम मक्खन चालू होतं. काल दुपारी नवी टाकली, संध्याकाळी खेळायला बसलो तर ही नाटकं. गेम बनवणाऱ्यांचाच काहीतरी लोच्या आहे. अपडेट येईपर्यंत काय करू? जुनीवर खेळवू?’’

‘‘बॅनरवर नवी छापलीयस ना?’’

‘‘हो ना यार काका.’’

मी एक कंट्रोलर घेतला आणि तन्वी मॅडमना म्हटलं, बसा समोर. बिघाड दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही, स्वतः बघायचा, ही आमच्या खात्यातली सवय. मॅच सुरू झाली. माझा फॉरवर्ड गोलकडे निघाला की हळूच डावीकडे कलायचा, बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यासारखा. मी अंगठा पूर्ण काढून घेतला, तरी तो रेंगाळत डावीकडे चाललाच. गोलकीपरने एक बॉल झकास पकडला, आणि मग तो बॉल छातीशी धरून निवांत डाव्या कोपऱ्याकडे निघाला. मी तीन-शून्य हरलो. त्यातले दोन गोल बिघाडाचे होते आणि एक माझा स्वतःचा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिक मधोमध उभी आहे, पण कंट्रोलर कन्सोलला सांगतोय की ती डावीकडे ढकललीय. म्हणजे थाप मारतोय. माझ्या ओळखीचा रोग.

पण रूपेश आणि तन्वी मॅडम दोघांनी एडिशनलाच धरलं होतं. कंपनीतही हेच व्हायचं. शटडाउननंतर प्लांट सुरू झाला आणि काही अडलं, की जे यंत्र नवीन बसवलं असेल त्याच्या नावाने सगळे खडे फोडणार. नवी सून घरात आली की दूध नासलं तरी तिच्यामुळेच, त्यातला प्रकार. म्हणून मी म्हटलं, ‘‘जुनी एडिशन आहे ना अजून? लाव.’’

त्याने लावली. तोच कंट्रोलर, जुनी एडिशन. जुना गोलकीपरही बॉल घेऊन डावीकडे निघाला.

रूपेशचं तोंड उघडं राहिलं. ‘‘हा तर परवापर्यंत सीधा होता!’’

‘‘आता नवी लाव. आणि मॅडम, तुमचा घरचा कंट्रोलर आणलाय का?’’

त्यांच्या बॅगेत होता. तो जोडला. नवी एडिशन, घरचा कंट्रोलर. गोलकीपर खांबासारखा जागच्या जागी उभा. तन्वी मॅडमनी एक गोलही मारून घेतला, चान्स सोडायचा नाही हा त्यांचा स्वभाव.

म्हणजे एडिशन निर्दोष सुटली. दोष कंट्रोलरमध्ये. पण मग पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. एक कंट्रोलर ड्रिफ्ट मारायला लागणं ही रोजची गोष्ट, पोरं अंगठ्याने स्टिक पिळून काढतात, ती झिजते. आठच्या आठ एका दिवसात कसे झिजतील? आठांवर एकदमच काहीतरी गुदरलं होतं.

मी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला. ‘‘काल सकाळपासून काय काय केलंस ते सांग. काही गाळू नकोस.’’

‘‘काही खास नाही काका. सकाळी गाळा धुतला. तोरण लावलं. टीव्ही पुसले. आणि काल आई आली होती.’’

‘‘इथे?’’

‘‘हो. मी बोलावलंपण नव्हतं. घरातल्या कोयत्याची, विळ्याची पूजा करून झाली, आणि ताट घेऊन सरळ इथे आली. मी म्हटलं, आई इथे काय? तर बोलते, घरच्या हत्यारांची पूजा झाली, तुझ्या हत्यारांची कोन करनार? काका, हत्यारं बोलली ती. दोन वर्षांत पहिल्यांदा. आठही कंट्रोलर पाटावर ओळीने मांडले, एकेकाला हळद-कुंकू, अक्षता, फूल. मग नमस्कार केला. माझ्या कंट्रोलरना.’’

एवढं बोलून तो उठला आणि सरळच असलेलं तोरण सरळ करायला गेला. तोवर मी चार स्क्रू काढून कंट्रोलर उघडला होता.

स्टिकच्या खाली एक चौकोनी डबी असते, बोटाच्या पेराएवढी. तिच्यात जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायची तशीच व्यवस्था असते. काळी पट्टी, तिच्यावरून सरकणारा पत्र्याचा बारीक काटा. काटा कुठे आहे त्यावरून स्टिक कुठे आहे ते कळतं. पट्टीवर घाण बसली की रेडिओ खरखरायचा आणि कंट्रोलर थापा मारतो.

पट्टीवर लालभडक लगदा होता. कडेला पिवळी किनार. एक तांदळाचा कणसुद्धा होता.

मी पटकन झाकण लावलं. तन्वी मॅडमनी बघितलंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. रूपेश दाराशी पाठमोरा.

‘‘पूजा झाल्यावर पुसलेस ना कंट्रोलर?’’ मी विचारलं.

‘‘एकदम मस्त पुसले काका. ओल्या फडक्याने. स्टिक गोल गोल फिरवून खालपर्यंत.’’

म्हणजे आईने वर लावलेलं मुलाने पाणी घालून आत उतरवलं होतं. काम दोघांनी मिळून पूर्ण केलं होतं.

‘‘काय निघालं?’’ रूपेश जवळ आला.

आता इथे मी जे केलं ते चांगल्या मनाने केलं, एवढंच सांगतो. तो ज्या चेहऱ्याने आईबद्दल बोलला, त्या चेहऱ्याला ‘तुझ्या आईच्या पूजेनेच घात केला’ हे मला सांगवेना. ती बाई दोन वर्षांनी उंबरा ओलांडून आली होती. हे कळलं असतं तर ओशाळून परत कधी फिरकली नसती, असा मी माझ्याच मनाशी हिशेब केला.

‘‘घाम,’’ मी म्हटलं. ‘‘हातांचा घाम उतरलाय आत.’’

‘‘आठहींमध्ये?’’

‘‘ऑक्टोबर हीट आहे,’’ तन्वी मॅडम छताकडे बघत म्हणाल्या. पीटीच्या बाई, ऐन वेळी पास बरोबर दिला.

आठही कंट्रोलर पिशवीत घालून मी घरी आलो. दिवसभर बसून एकेक उघडला. आयपीए नावाचं एक स्पिरिट असतं, ते लगेच उडून जातं आणि मागे ओल ठेवत नाही. त्याने डब्या धुतल्या. माझं टेबल हळदीच्या कार्यक्रमासारखं दिसत होतं. बायको चहा घेऊन आली, टेबलाकडे बघितलं आणि कप खिडकीत ठेवून गेली. धुऊन तीन कंट्रोलर सुधारले. पाचांची पट्टी ओरखडली होती. लगदा वाळल्यावर त्यावरून रात्री कुणीतरी इमानदारीत खेळलं होतं, त्याचा परिणाम. त्या पाचांना नवीन डब्या लागणार होत्या.

शनिवारी सकाळी शेअर रिक्षाने उल्हासनगर गाठलं. कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीला लागून एक सिंधी गृहस्थ मोबाईल आणि गेमचे पार्ट्स विकतात. दुकान एवढं अरुंद की ते आत बसले की गिऱ्हाईक बाहेर. मी त्यांना साईं म्हणतो, ते मला काका म्हणतात, वयाने मोठे असून.

‘‘साईं, स्टिकच्या डब्या, मॉड्यूल पाहिजेत. दहा. पॉटवाले, काटा-पट्टीचे.’’

‘‘दस? काका, फॅक्टरी डाली क्या?’’

‘‘आठ कंट्रोलर एकदम गेले.’’

‘‘पानी गिरा?’’

‘‘पूजा झाली.’’

साईं आधी हसले नाहीत. मग एवढे हसले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. ‘‘मेरे घर में,’’ ते डोळे पुसत म्हणाले, ‘‘बीवी ने दिवाळीला लॅपटॉपवर दिया ठेवला होता, काका. की-बोर्डवर.’’ मग त्यांनी खालच्या खणातून एक पाकीट काढलं. ‘‘पॉटवाला खत्म. ये लो, मॅग्नेटवाला. घिसताच नाही. पण दसच आहेत. अगला माल दिवाळी के बाद.’’

मॅग्नेटवाल्या डबीत काटा-पट्टी नसते, लोहचुंबकावरून स्टिकची जागा ओळखतात. चांगली वस्तू. पाच कंट्रोलर, प्रत्येकी दोन स्टिक, दहा डब्या. हिशोब चपखल बसला, पण स्पेअर शून्य. एक बसवताना बिघडली असती तर संपलं. एकेका डबीला सोल्डरचे चौदा टाके. जुने सोडवायचे, नवे घालायचे. माझे हात आता पूर्वीइतके स्थिर नाहीत, त्यामुळे प्रत्येक डबीनंतर दहा मिनिटं विश्रांती. संध्याकाळी सातला शेवटचा कंट्रोलर जोडला. मग टेस्टिंग म्हणून आठही कंट्रोलरवर एकेक मॅच खेळलो. टेस्टिंगला एवढं लागत नाही, दोन मिनिटांत कळतं. पण यंदाचा पासचा वेग खरंच चांगला आहे.

रविवारी साडेनऊला सेंटर भरून गेलं होतं. कॅम्प एकचा ग्रुप एकसारखे टी-शर्ट घालून आलेला. आमचे आठही कंट्रोलर टेबलावर ओळीने मांडलेले. रूपेशने प्रत्येक हातात घेऊन बघितला आणि मला मिठी मारली. दहाला पहिली मॅच.

दहाला पाच मिनिटं असताना त्याची आई आली. बेबीबाई तिचं नाव. इस्त्रीचं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर आणि हातात ताट. ताटात हळद, कुंकू, नारळ, पाण्याचा तांब्या.

‘‘सरा रे पोरांनो,’’ ती म्हणाली. ‘‘पयला खेल हाय. पूजा करून मंग काय खेलायचा तो खेला.’’

पोरं सरली. कॅम्प एकच्या पोरांनी टोप्या काढल्या. रूपेशचा चेहरा उजळला. बेबीबाईने बोट तांब्यात बुडवलं, मग कुंकवात, आणि पहिल्या कंट्रोलरच्या डाव्या स्टिकवर नेलं.

‘‘थांबा!’’

कंपनीत कुणी चुकीच्या वाल्व्हला हात घातला की मी जसा ओरडायचो, तसा ओरडलो. चाळीस माणसं माझ्याकडे वळली. बेबीबाईचं बोट स्टिकच्या वर बोटभर अंतरावर थांबलं.

‘‘काका, काय झालं?’’ रूपेश म्हणाला. ‘‘करू द्या ना तिला.’’

आता इलाज नव्हता. माझं घामाचं प्रकरण माझ्याच गळ्याशी आलं होतं. शुक्रवारी खरं बोललो असतो तर ही वेळ आली नसती. निकामी झालेले पार्ट मी कधी लगेच फेकत नाही, बॅगेत पिशवीत असतात. त्यातली एक डबी काढून तळहातावर ठेवली.

‘‘ताई, मी परवा रूपेशला खोटं सांगितलं. आत घाम नव्हता. हे होतं.’’

तिने ताट रूपेशकडे दिलं, डबी उचलून डोळ्यांजवळ नेली. ‘‘ह्यो तं माझा कुकू हाय.’’

‘‘हो.’’

‘‘याच्यानच बिघारला सगला?’’

‘‘हो ताई. कुंकू वर लागलं, पुसताना पाण्याबरोबर आत उतरलं.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूपेश घाईघाईने पुढे आला. ‘‘आई, काही नाही गं. तुझी काय चूक त्यात. तू बस, मी तुला घरी—’’

‘‘तू गप र्‍हा.’’

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ती ओशाळेल, डोळ्यांना पदर लावेल. ती भडकली होती.

‘‘भाऊ, परवा कलला व्हता ना तुमाला? मंग मना परवाच का नाय सांगितला? मी काय काचंची हाय?’’

तिने डबी माझ्या तळहातावर परत ठेवली.

‘‘लगीन करून आले तवापासून दर दसऱ्याला कोयत्याची पूजा करतंय मी. कुकू कुठं लावतंय म्हाईत हाय? मुठीला. धारेला नाय. धारेला वल लागली का गंज धरतो, ते काय मना कलत नाय?’’ तिने टेबलावरच्या कंट्रोलरकडे बोट केलं. ‘‘याची धार कंची आनि मूठ कंची, ते मना कोनी सांगितला? मना दोन मुंड्या दिसल्या, मी दोघींना टिला लावला. ह्याला मी पयल्या दिवशी इचारला व्हता, काय रं हाय ह्या? तं बोलला, आई, तुना नाय कलनार.’’

बत्तीस खेळाडूंपैकी निम्म्यांनी माना खाली घातल्या. घरोघरी तेच वाक्य बोलून आलेली मंडळी.

मग रूपेशने ताट खाली ठेवलं. एक खुर्ची ओढून आईला बसवलं, स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला.

‘‘आई, ही दांडी म्हणजे धार. हिच्याखाली सगळं नाजूक आहे. हिने प्लेअर पळतो. आणि ही मागची बाजू, जिथे तुझी बोटं आहेत, ती मूठ.’’

‘‘कंचा पलतो?’’

‘‘तो बघ. डोक्यावर निशाणी आहे तो. ढकल दांडी. हळू.’’

तिने ढकलली. टीव्हीवरचा खेळाडू पळाला. तिने घाबरून अंगठा काढला, तो थांबला. अगदी जागच्या जागी, हे मी समाधानाने बघितलं. तिने पुन्हा ढकलली.

‘‘मी चालवतंय कं याला?’’

‘‘तूच चालवतेस.’’

‘‘मंग ह्या मागच्यांना सांग ना पुढं यायला. एकला काय करल तो?’’

‘‘आंटीजी ने तो फॉर्मेशन समझ लिया!’’ कॅम्प एकचा एक पोरगा ओरडला, आणि सगळं सेंटर हसलं. बेबीबाईही हसली. दोन-तीन मिनिटं तिने त्या खेळाडूला मैदानभर पळवलं. बॉल कुठेच नव्हता, पण कुणी घाई केली नाही. मग ती उठली, ताट घेतलं, कंट्रोलर एकेक करून पालथे केले आणि प्रत्येकाच्या पाठीवर कोरड्या कुंकवाचा नेमका एक ठिपका लावला. पाण्याचा तांब्या तिने स्वतःच लांब ठेवला. नारळ बाहेर पायरीवर फुटला.

पहिली मॅच साडेदहाला सुरू झाली. दिवसभरात एकदाच तक्रार आली. अंबरनाथचा एक तरुण चार-एक हरला आणि म्हणाला, कंट्रोलर ड्रिफ्ट मारतोय. मी नियमाप्रमाणे तपासला. स्टिक सरळ, रीडिंग बरोबर, दोष खेळणाऱ्याचा. तन्वी मॅडम फायनलला कॅम्प एकच्या पोराकडून पेनल्टीवर हरल्या आणि बक्षीस समारंभ होईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. जाताना त्या पोराने रूपेशला विचारलं, पुढची टूर्नामेंट कधी?

पुढच्या आठवड्यात रूपेशने मला बोलावलं. म्हणाला, ‘‘काका, एक सूचना लिहून द्या, लॅमिनेट करून लावतो. स्टिकला पाणी, कुंकू, तेल लावू नये.’’ मी म्हटलं, गरज नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक स्टिक दामटायला लागलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बेबीबाई भाजी निवडत बसली होती. हल्ली ती दुपारची तिथेच असते. मान वर न करता तिने आवाज दिला, ‘‘ए पोरा, दांडीवर जोर नको काढू. धार हाय ती.’’

चौतीस वर्षं मी बिघाडाचं कारण यंत्राच्या आत शोधलं. या केसमध्ये ते आत सापडलंही, लाल आणि पिवळं. पण खरं कारण दोन वर्षं आधी घडलं होतं, जेव्हा मुलगा आईला म्हणाला, तुला नाही कळणार. आणि घामाची थाप मारून मीही वेगळ्या शब्दांत तेच म्हटलं होतं. तेव्हापासून कंट्रोलर परत देताना मी एक जास्तीचं काम करतो. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बाहेर बोलावतो, कंट्रोलर त्याच्या हातात देतो आणि कशाने काय होतं ते सांगतो. पाच मिनिटं लागतात. आजवर कुणाला कळलं नाही असं एकदाही झालेलं नाही.